मुंबईत मुक्काम कुठे करावा?

मावशीची तपासणी परळला सकाळी साडेआठला होती. अंबाजोगाईहून ती आणि काका येणार होते, मुक्काम दोन रात्रींचा, आणि खोली बघायचं काम माझ्याकडे. मी मोबाईलवर 'मुंबई' टाकलं, स्वस्त ते महाग अशी यादी लावली आणि फोटोत स्वच्छ दिसणारी एक खोली घेऊन टाकली. परळच्या आसपासच्या खोल्यांपेक्षा ती रात्रीमागे आठशे रुपयांनी स्वस्त होती. पत्ता ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचा होता. यादीत वर 'मुंबई' लिहिलं होतं म्हणून मी पुढे पाहिलंच नाही. सकाळी साडेपाचला उठून रिक्षाने ठाणे स्टेशन गाठलं. तिथली गर्दी पाहून मावशीला लोकलमध्ये चढवणं शक्य नाही हे कळलं, मग टॅक्सी केली. दोन दिवसांत टॅक्सीवरच अडीच हजारांच्या वर गेले. पण पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट लागून राहिली. दोन तपासण्यांच्या मध्ये चार तास रिकामे होते, आणि आजारी बाई ते चारही तास इस्पितळातल्या बाकावर बसून होती. पाठ टेकायला खोली होती, पण ती तीस किलोमीटरवर.

मुंबईला येणारे बहुतेक मराठी लोक मौजेसाठी येत नाहीत. कुणाला टाटा किंवा केईएममध्ये दाखवायचं असतं, कुणाची मंत्रालयात फाईल असते, कुणाची उच्च न्यायालयात तारीख, कुणाच्या मुलीची मुलाखत, कुणाची व्हिसाची वेळ. कामाची वेळ ठरलेली असते आणि चुकली तर पुन्हा महिनाभराने मिळते. अशा माणसाला खोलीचं भाडं हा निम्माच खर्च असतो. उरलेला निम्मा खोली आणि काम यांच्यामधल्या अंतरात जातो: टॅक्सीत, वेळेत, झोपेत. म्हणून आधी ठिकाण ठरवावं आणि मग त्या ठिकाणातला दर शोधावा. हा क्रम उलटला की स्वस्त खोली महाग पडते.

पाहुणा उतरतो तिथे हॉटेल

शहरात हॉटेलं कुठे उभी राहतात, याला एक जुनी संगती आहे. पाहुणा जिथे उतरतो आणि जिथे त्याचं काम असतं, तिथे ती येतात. १८६०च्या दशकात काळा घोड्याजवळ वॉटसन्स हॉटेल बांधलं गेलं, ते कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, व्यापारी पेढ्यांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या जवळ. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आला होता आणि ७ जुलै १८९६ रोजी भारतातला पहिला चलच्चित्रांचा खेळ तिथेच झाला. ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झालं ते अपोलो बंदरावर, कारण मोठा पाहुणा बोटीने येत असे. शेजारचं गेटवे ऑफ इंडिया त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९२४ मध्ये खुलं झालं.

सामान्य माणूस मात्र आगगाडीने येई. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, पुढे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची (सीएसएमटी) इमारत उभी राहिली, आणि कोट, मशीद बंदर, काळबादेवी या पट्ट्यात 'बोर्डिंग-लॉजिंग'च्या पाट्या लागल्या. मराठीत 'हॉटेलात जाऊ' म्हणजे मिसळ किंवा चहा घ्यायला; राहायचं ते लॉजवर. हा फरक त्या पाट्यांनी रुजवला असावा. पुढे विमानतळामुळे अंधेरी पूर्व आणि मरोळ भरलं, आणि गेल्या पंचवीस वर्षांत कार्यालयांमुळे वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी). आज खोल्यांचे मुख्य गट हेच आहेत: फोर्ट-कुलाबा, दादर-परळ, अंधेरी पूर्व, बीकेसीभोवतीचा भाग, आणि खाडीपलीकडे वाशी-नेरूळ-बेलापूर. आपलं काम यांपैकी कुठल्या गटाजवळ आहे, हे कळलं की अर्धा शोध संपतो.

दोन टिंबं आणि एक लाईन

मुंबई उभी, अरुंद पसरलेली आहे. चर्चगेटहून विरार ६० किलोमीटर आहे, सीएसएमटीहून ठाणे ३४. या लांबीत धावणाऱ्या तीन लोकल लाईनी शहराचा कणा आहेत: पश्चिम, मध्य आणि हार्बर. एकाच लाईनीवर वीस किलोमीटर जाणं सोपं, आणि लाईन बदलून सात किलोमीटर जाणं कठीण, हे मुंबईकराला अंगवळणी पडलेलं असतं. बाहेरून येणाऱ्याने ते खोली घेण्याआधी समजून घ्यायला हवं.

म्हणून नकाशावर दोन टिंबं द्यावीत. एक, आपण कुठे उतरणार आणि परत कुठून निघणार. दोन, काम कुठे आहे. खोली या दोहोंना जोडणाऱ्या एकाच लाईनीवर असावी आणि दुसऱ्या टिंबाच्या जवळ असावी.

पहिल्या टिंबातच गफलत होते. 'मुंबईला जाणारी गाडी' सीएसएमटी, दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस, मुंबई सेंट्रल किंवा वांद्रे टर्मिनस यांपैकी कुठेही संपते; काही गाड्या पनवेललाच थांबतात. लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ल्याचं म्हणतात, पण ते कुर्ला लोकल स्टेशनात नाही. सर्वांत जवळचं लोकल स्टेशन हार्बरवरचं टिळकनगर. वांद्रे टर्मिनसही वांद्रे लोकल स्टेशनापासून वेगळं आहे. एसटी मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर, बोरिवली अशा वेगवेगळ्या आगारांत जाते. विमानाने येणाऱ्याला टर्मिनल १ की टर्मिनल २ हे पाहावं लागतं, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. पहाटेचं विमान तिथून असेल आणि खोली अंधेरीत, तर रात्रीची झोप गेलीच.

दुसऱ्या टिंबातही तपासायचं असतं. टाटा स्मारक रुग्णालय परळला आहे, पण त्याच संस्थेचं संशोधन व उपचार केंद्र खारघरला आहे. कागदावर नाव तेच दिसतं, ठिकाणांमध्ये खाडी असते. व्हिसाचंही तसंच. अमेरिकी वकिलातीची मुलाखत बीकेसीत, तर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारं केंद्र वेगळं. दोन्ही पत्ते वाचूनच खोली घ्यावी.

मग अंतर पाहावं, तेही चालण्याचं. 'स्टेशनपासून ५०० मीटर' हे बऱ्याचदा नकाशावरचं सरळ रेषेतलं माप असतं. मधे रूळ असतील तर पूल चढून उतरावा लागतो. उपनगरांत पूर्व आणि पश्चिम ही जणू दोन गावं आहेत. अंधेरी पूर्वेला काम असताना खोली अंधेरी पश्चिमेला घेतली, तर रोज सकाळी पूल किंवा भुयारी रस्ता आणि त्यातली कोंडी. नकाशाच्या ॲपमध्ये 'निघण्याची वेळ' बदलता येते. रात्री अकराला अंतर पाहू नये. कामाच्या दिवशी सकाळी आठची वेळ टाकून पाहावं. तिथे दिसणारा आकडा खरा.

गर्दीची दिशाही पाहावी. सकाळी मोठा लोंढा उपनगरांतून दक्षिणेकडे जातो. म्हणून डोंबिवली किंवा ठाण्याला राहून सकाळी नऊला सीएसएमटीला जाणं सामानासह जवळपास अशक्य. पण फोर्टात राहून त्याच वेळी कल्याणच्या दिशेने जाणं बरंच सुसह्य. अंधेरी आणि बीकेसीत कार्यालयं वाढल्यापासून पश्चिम लाईनीवर उलट दिशेलाही गर्दी असते, एवढं लक्षात ठेवावं.

कोणत्या कामाला कोणता भाग

मंत्रालय, विधानभवन, उच्च न्यायालय, विद्यापीठाची जुनी इमारत, बँकांची मुख्यालयं यांपैकी काही काम असेल तर फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, कुलाबा हा पट्टा सोयीचा. इथल्या जुन्या इमारतींत लहान लॉज आणि गेस्ट हाऊस बरीच आहेत. खोल्या लहान असतात, काहींना खिडकी नसते, काहींत न्हाणीघर सामायिक असतं. पण सकाळी चहा घेऊन पायी कचेरीत पोचता येतं. दर जास्त वाटले तर मशीद बंदर आणि काळबादेवीच्या बाजूला उतरतात. तिथे रात्री उशिरापर्यंत मालाची चढउतार चालते, त्यामुळे आवाजाची तयारी ठेवावी. दक्षिण मुंबईत एक फरक नवख्याला चटकन कळत नाही: वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा धावत नाहीत. फक्त टॅक्सी आणि बेस्टची बस. मीटरचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाला २६ रुपये आणि टॅक्सीला ३१ रुपये आहे, आणि मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत ते सव्वापट होतं.

इस्पितळाचं काम असेल तर दादर-परळ. टाटा, केईएम, वाडिया ही रुग्णालयं इथे एकमेकांना लागून आहेत. दादरला पश्चिम आणि मध्य या दोन्ही लाईनी मिळतात, म्हणून कुठलं काम कुठे निघेल याची खात्री नसेल त्यालाही दादर चांगलं. परळ स्टेशन मध्य लाईनीवर आणि प्रभादेवी पश्चिमेवर, पण पादचारी पुलाने दोन्ही जोडलेली आहेत. दोन गोष्टी मात्र आधी पाहाव्यात. पहिली, दिवस कोणता. गणेशोत्सवात लालबाग-परळचे रस्ते रात्रंदिवस भरलेले असतात आणि ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांमुळे दादरला खोली मिळणं अवघड होतं. दुसरी, पाऊस. हिंदमाता, शीव, कुर्ला हे भाग पाणी साचण्यासाठी ओळखले जातात. जुलैत खोली घेताना गल्ली उंचावर आहे का, हे लॉजवाल्याला सरळ विचारावं.

बीकेसीत काम असेल तर तिथलीच खोली घ्यायला हवी असं नाही. तिथली हॉटेलं मुख्यतः कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी आहेत आणि दर त्याच मापाचे. सांताक्रूझ पूर्वेला वाकोला आणि कलिना इथून रिक्षाने थोड्या वेळात पोचता येतं आणि खोल्या बऱ्याच स्वस्त असतात. विद्यापीठाचं कलिना संकुलही तिथेच. विमान पकडायचं असेल किंवा सीप्झ-एमआयडीसीत काम असेल तर अंधेरी पूर्व, मरोळ, साकीनाका.

या हिशेबात गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला तो मेट्रोने. २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मार्ग सुरू झाला आणि पूर्व-पश्चिम जाण्याची पहिली सरळ वाट मिळाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी ॲक्वा मार्गिका आरे ते कफ परेड अशी पूर्ण खुली झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. विमानतळाची दोन्ही टर्मिनलं, बीकेसी, सिद्धिविनायक, दादर, सीएसएमटी, हुतात्मा चौक, विधानभवन ही सगळी आता एका गाडीत. म्हणजे मरोळला राहून मंत्रालयात जाणं, जे आधी दोन तासांचं दिव्य होतं, ते आता वातानुकूलित आणि वेळेत होतं. मरोळ नाक्याला दोन्ही मेट्रो मिळतात. फोर्टातले दर परवडत नसतील तर या मार्गिकेच्या एखाद्या उत्तरेकडच्या स्थानकाजवळ खोली शोधणं हा आजचा सर्वांत शहाणा पर्याय आहे.

नवी मुंबईत राहायचं ते काम नवी मुंबईत किंवा हार्बर लाईनीवर असेल तरच. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या खोल्या प्रशस्त आणि तुलनेने स्वस्त असतात. अटल सेतूमुळे दक्षिण मुंबई जवळ आली हे खरं, पण मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये आहे. तो भाड्यात मिळवूनच तुलना करावी.

दर कसा ठरतो

रिकामी राहिलेली खोली दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. मंडईत संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी स्वस्त होते त्याचं कारण आणि हॉटेलच्या दराचं कारण एकच. १९७८ मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, तेव्हा विमान कंपन्यांनी एकाच आसनाचे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे दर लावायला सुरुवात केली. ती पद्धत हॉटेलांनी उचलली. आज बऱ्याच हॉटेलांचा दर संगणक दिवसातून अनेकदा बदलतो: किती खोल्या भरल्या, शेजारच्यांचा दर काय, त्या तारखेला शहरात काय आहे, हे पाहून.

त्यामुळे दराला वाराचं गणित असतं, आणि ते गावागणिक उलटतं. बीकेसी आणि अंधेरीची हॉटेलं कंपन्यांच्या कामावर चालतात. ती सोमवार ते गुरुवार महाग आणि शनिवार-रविवारी स्वस्त. लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर याच्या नेमकं उलट. कामाचा वार आपल्या हातात असेल तर मुंबईत सोमवारी सकाळचं काम उत्तम, कारण रविवारची रात्र स्वस्त मिळते. मात्र रविवारी दिवसा प्रवास असेल तर लोकलच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक पाहून निघावं.

तारखांचं गणितही असतं. गोरेगावच्या नेस्को संकुलात किंवा बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये मोठं प्रदर्शन असेल, वानखेडेवर सामना असेल, तर आसपासचे दर चढतात. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा नवी मुंबईतल्या खोल्यांचे दर कित्येक पटींनी वाढले होते. ज्याला त्या गाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं आणि फक्त खारघरला रुग्णाला न्यायचं होतं, त्यालाही ते मोजावे लागले असतील. म्हणून तारीख कळताच त्या भागात त्या दिवशी काय आहे, हे एकदा शोधावं. जून ते सप्टेंबर दर उतरतात. नाताळ ते नववर्ष आणि लग्नसराईत चढतात.

मोबाईलवर शोधा, फोनवर ठरवा

बुकिंगची ॲप शोधण्यासाठी उत्तम आहेत. नकाशावर खोल्या दिसतात, दर शेजारी-शेजारी दिसतात, लोकांचे अभिप्राय दिसतात. पण प्रत्येक बुकिंगमागे हॉटेल त्यांना दलाली देतं, साधारण पंधरा ते वीस टक्के, कधी त्याहून जास्त. लहान लॉजच्या मालकाला हे पैसे वाचले तर हवेच असतात. पूर्वी ॲपचे करार हॉटेलांना स्वतःच्या दारात कमी दर लावू देत नसत. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अशा अटींसह इतर कारणांवरून या व्यवसायातल्या कंपन्यांना एकूण ३९२ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तेव्हा ॲपवर तीन खोल्या निवडाव्यात आणि तिन्ही ठिकाणी फोन करून विचारावं: 'ॲपवर इतका दर दिसतोय, थेट घेतली तर काय द्याल?' दर कमी झाला नाही तरी बऱ्याचदा नाश्ता, लवकर खोली किंवा वरच्या मजल्याची खिडकीची खोली मिळते.

फोन नंबर मात्र जपून घ्यावा. नकाशांवर आणि बनावट संकेतस्थळांवर हॉटेलांच्या व भक्तनिवासांच्या नावाने भामट्यांचे नंबर टाकलेले असतात. २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने याबद्दल जाहीर इशारा दिला होता. पूर्ण रक्कम आगाऊ मागणारा, वैयक्तिक खात्यावर पैसे टाकायला सांगणारा, 'लगेच भरा नाहीतर खोली जाईल' म्हणणारा माणूस लॉजवाला नसण्याचीच शक्यता जास्त. फसवणूक झालीच तर पहिल्या तासात १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. रक्कम गोठवली जाण्याची शक्यता तेव्हा सर्वांत जास्त असते.

'फक्त १ खोली शिल्लक', 'आत्ता २३ जण बघताहेत' अशा लाल अक्षरांनी घाबरू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई लावणं, न विचारता विमा किंवा देणगी बिलात घुसवणं, आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर वाढवणं, या सगळ्या तिच्यात आहेत. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरची रक्कम हीच खरी. तुलना तिचीच करावी. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाईन १९१५.

शेवटच्या रकमेत जीएसटी येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के कर आहे. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दरात फरक दोनशेचा, खिशात जवळपास बाराशेचा. साध्या खोलीवर पूर्वी १२ टक्के होता. कुणी अजून तोच लावत असेल तर बिल दाखवून विचारावं. तसंच जेवणाच्या बिलात आपोआप लावलेला सेवाआकार देणं सक्तीचं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे याबद्दलचे नियम मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही कायम ठेवले.

कामाची तारीख बदलण्याची शक्यता असेल, आणि इस्पितळात व कोर्टात ती नेहमीच असते, तर रद्द करता येणारी खोलीच घ्यावी. थोडी महाग असली तरी. ती लवकर घेऊन ठेवायची, आणि जाण्याच्या चार दिवस आधी पुन्हा दर पाहायचा. उतरला असेल तर नवी घेऊन जुनी रद्द करायची.

अभिप्राय वाचताना सरासरी तारे बाजूला ठेवावेत. गेल्या तीन महिन्यांतले, दोन-तीन तारे दिलेले अभिप्राय वाचावेत. त्यांत तपशील असतो. पाणी, ढेकूण, आवाज, लिफ्ट, कुबट वास हे शब्द शोधावेत. पाहुण्यांनी काढलेले फोटो बघावेत, हॉटेलचे नव्हे. आणि फोनवर हे विचारावं: खिडकी बाहेर उघडते का? लिफ्ट कोणत्या मजल्यापर्यंत? गरम पाणी किती वाजेपर्यंत? खोली रिकामी करायची वेळ बाराची की चोवीस तासांची? शेवटचा प्रश्न मोलाचा आहे. बऱ्याच मोठ्या हॉटेलांत दुपारी दोनला खोली मिळते आणि बाराला सोडावी लागते. अनेक लॉजवर आत आल्यापासून चोवीस तास मोजतात. सकाळी सातला पोचणाऱ्याला दुसरी पद्धत सरळसरळ पाच-सात तासांचा फायदा देते.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं आणि त्यावर पत्ता असावा लागतो, म्हणून पॅन कार्ड चालत नाही. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच अंक दिसणारी 'मास्क्ड' प्रत काढून ठेवावी.

पहाटे उतरणाऱ्यांचं काय

मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून येणाऱ्या रात्रीच्या गाड्या पहाटे पोचतात. लोकलही रात्री साधारण एक ते चार बंद असतात. एकाच दिवसाचं काम असेल तर लॉजची गरजच नसते. मोठ्या स्थानकांवर रेल्वेच्या विश्रामखोल्या आणि डॉर्मिटरी आहेत. पक्क्या किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर त्या आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर घेता येतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रलला देशातलं रेल्वे स्थानकावरचं पहिलं पॉड हॉटेल सुरू झालं: एका माणसापुरता झोपण्याचा कप्पा, काही तासांसाठी घेता येणारा. परीक्षेला एकट्याने येणाऱ्या मुलाला एवढं पुरतं. आंघोळ करून, सामान क्लोक रूममध्ये ठेवून कामाला निघता येतं. क्लोक रूममध्ये बॅगेला कुलूप असावं लागतं, एवढं ध्यानात ठेवावं.

रुग्णासोबत येणाऱ्यांसाठी

रुग्णाला घेऊन येणाऱ्याचं गणित वेगळं असतं. मुक्काम दोन दिवसांचा म्हणून येतो आणि दोन महिन्यांचा होतो. रोजच्या भाड्याने घरचं शेत विकायची वेळ येते. अशा माणसांसाठी या शहरात जुनी माणुसकीची व्यवस्था आहे. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाची धर्मशाळा दादर पूर्वेला आहे आणि कर्करुग्ण व त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. जागा कमी आणि मागणी फार, म्हणून रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे पहिल्याच दिवशी जावं. राहण्याची सोय सांगणं हा त्यांच्या कामाचा भाग आहे, त्यात संकोच नको. डॉक्टरांचा कागद आणि केसपेपर जवळ ठेवावा. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीच्या भाड्यात पूर्ण सवलत आहे, आणि सोबत्यालाही मोठी. तिचा अर्ज रुग्णालयातूनच मिळतो.

तिथे जागा मिळेपर्यंतच्या पहिल्या दोन-तीन रात्रींसाठी रुग्णालयापासून चालत येण्याच्या अंतरावरची खोली घ्यावी, मग ती लहान का असेना.

दुसऱ्या शहरांतही हेच

दोन टिंबांचा हिशेब कुठल्याही महानगरात चालतो. दिल्लीला मुंबई सेंट्रलहून जाणारी एक राजधानी नवी दिल्ली स्थानकात जाते, तर सीएसएमटीहून सुटणारी निजामुद्दीनला. नवी दिल्ली स्थानकासमोर पहाडगंजमध्ये स्वस्त लॉज ओळीने आहेत आणि तिथून विमानतळाला एक्स्प्रेस मेट्रो जाते. पण काम दक्षिण दिल्लीत असेल तर त्या भागातल्या मेट्रो स्थानकाजवळची खोली बरी. बंगळूरुमध्ये रस्त्यावरचं अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, म्हणून मेट्रोजवळची खोलीच शोधावी. पुण्यात हिंजवडीला मुलाखत असताना पुणे स्टेशनजवळ राहणाऱ्याची सकाळ रस्त्यातच जाते.

मावशीला तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. या वेळी मी परळच्या गल्लीतला एक लॉज फोन करून ठरवला. खोली दहा बाय आठची, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टची. दर आधीपेक्षा आठशेने जास्त. टॅक्सीचा खर्च शून्य. पहिली तपासणी साडेदहाला आटोपली आणि दुसरी अडीचला होती. काका तिला हळूहळू चालवत खोलीवर घेऊन गेले, खालच्या खानावळीतून वरण-भात मागवला, आणि ती दोन तास गाढ झोपली. अडीचला परत आली तेव्हा मला म्हणाली, "आज मुंबई लांब नाही वाटली रे."